धमन्यांचा ताठरपणा मोजायचा कसा: मान-जांघ, दंड-घोटा की बोटाचा सेन्सर?

आरोग्य शिबिरात हल्ली रक्तदाब-साखरेच्या जोडीला आणखी एक कागद हातात पडतो. दोन्ही दंडांचे आणि दोन्ही घोट्यांचे रक्तदाब, चार लहरींचे आलेख, आणि खाली ठळक अक्षरांत 'रक्तवाहिन्यांचे वय ६४'. माणूस असतो एक्कावन्नचा. घाबरून तो दुसरीकडे जातो. तिथे मानेवर पेनासारखे यंत्र टेकवून तपासणी होते आणि आकडा येतो ८.३, 'ठीक आहे' असा शेरा मारून. मग प्रश्न पडतो, खोटे कोण?

बहुतेक वेळा कोणीच नाही. दोघांनी वेगवेगळ्या धमन्या, वेगवेगळ्या रस्त्याने, वेगवेगळ्या गणिताने मोजलेल्या असतात. हा लेख ते रस्ते उलगडून दाखवण्यासाठी आहे. प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ, छोट्या दवाखान्यातले डॉक्टर आणि असा कागद हातात घेऊन बसलेली मंडळी, तिघांनाही तो उपयोगी पडावा. गोव्यात हा विषय लांबचा नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळले, २६.४ टक्के, आणि मधुमेह धमन्यांना वेळेआधी ताठर करतो.

आधी हे समजून घ्या: आकडा कशाचा असतो

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी महाधमनीत दाबाची एक लहर उठते आणि धमन्यांच्या भिंतींवरून पुढे धावते. भिंत लवचिक असेल तर लहर सावकाश जाते, ताठर असेल तर वेगाने. हाच नाडीलहरीचा वेग, दवाखान्यातल्या बोलीत पीडब्ल्यूव्ही. हा रक्ताचा वेग नव्हे, ही गल्लत फार होते. महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला एक मीटरही नसतो. लहर मात्र तरुणाच्या अंगात सेकंदाला सहा मीटर आणि म्हाताऱ्याच्या अंगात दहा-बारा मीटर धावते.

वेगाचा आणि भिंतीचा संबंध मोएन्स आणि कोर्टवेग यांनी १८७८ साली सूत्रात बसवला. वेगाचा वर्ग भिंतीच्या ताठरपणाशी आणि जाडीशी समप्रमाणात, धमनीच्या व्यासाशी आणि रक्ताच्या घनतेशी व्यस्त प्रमाणात. १९२२ मध्ये ब्रॅमवेल आणि हिल यांनी तेच नाते दाब आणि आकारमान यांच्या भाषेत मांडले. त्यांच्या मांडणीतून एक गोष्ट उघड होते, आणि ती पुढे पावलोपावली आडवी येणार आहे: दाब वाढला की तीच धमनी ताणली जाते आणि त्या घटकेपुरती जास्त ताठर वागते. म्हणजे घाईघाईने जिना चढून आलेल्या माणसाचा वेग मोजला, तर त्यात भिंतीचा दोष किती आणि त्या क्षणाच्या दाबाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

पहिली पायरी: मोजायचे कशासाठी ते ठरवा

यंत्र नंतर निवडा. पंचायतीच्या सभागृहात सकाळभरात साठ-सत्तर लोक तपासायचे असतील तर एक पद्धत लागेल. एकाच रुग्णाचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यायचा असेल तर दुसरी. संशोधनाचा निबंध लिहायचा असेल तर तिसरी. 'सगळ्यांत चांगली पद्धत कुठली' हा प्रश्न अर्धाच आहे.

दुसरी पायरी: पद्धती पारखा

मान ते जांघ, म्हणजे कॅरोटिड-फेमोरल वेग, ही अजूनही कसोटीची पद्धत मानली जाते. कारण साधे: या दोन टोकांच्या मध्ये महाधमनी येते, आणि हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडांवर परिणाम करणारा ताठरपणा मुख्यतः तिचाच असतो. पुरावाही याच पद्धतीमागे सर्वाधिक आहे. २०१० साली १७ अभ्यासांतल्या १५,८७७ लोकांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा वेग सेकंदाला एक मीटरने जास्त असला की हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांची जोखीम १४ टक्क्यांनी जास्त दिसली. ऑस्ट्रेलियाचे स्फिग्मोकोर आणि फ्रान्सचे कॉम्प्लिअर ही या कामाची नावाजलेली यंत्रे. स्फिग्मोकोरच्या जुन्या प्रकारात आधी मान, मग जांघ, अशी एकामागून एक नोंद होते आणि ईसीजीच्या आर लहरीवरून, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या टोकदार उंचवट्यावरून, दोन्ही जुळवल्या जातात. नव्या प्रकारात मांडीला पट्टा बांधतात, त्यामुळे जांघेत नाडी शोधावी लागत नाही.

ही सोय किरकोळ नाही. सत्तरी ओलांडलेली एखादी आजी, नऊवारी नेसलेली, सत्तरी तालुक्यातून आलेली. तिला जांघेजवळचे लुगडे सैल करायला सांगितले की ती आधी खोलीत कोण कोण आहे ते पाहते आणि मग विचारते, "दुखतंय छातीत, आणि तुम्ही जांघेत काय बघता?" प्रश्न रास्त आहे. "आजी, छातीतून निघालेली मोठी धमनी पोटातून खाली जांघेपर्यंत येते, दोन टोकांना हात लावला की मधली कशी आहे ते कळतं," एवढे सांगायला अर्धा मिनिट लागतो. खोलीत बाईमाणूस हवेच, पडदा हवाच, आणि चादर अंगावर असताना फक्त बोटाएवढी जागा उघडी करायची. संकोचून आखडलेल्या माणसाचा रक्तदाब चढतो आणि आकडाही. ज्या ठिकाणी हे जमणार नाही तिथे मान-जांघ पद्धतीचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दंड ते घोटा, म्हणजे ब्रॅकियल-अँकल वेग, जपानमध्ये रुळला आणि शिबिरांत दिसतो तो बहुधा हाच. चार पट्टे बांधा, बटण दाबा, काही मिनिटांत काम झाले. कपड्यांचा प्रश्न नाही, हाताचे कौशल्य फारसे लागत नाही, शिवाय घोटा-दंड दाबाचे गुणोत्तरही मिळते. हैदराबादेत बनणारे पेरिस्कोप हे भारतीय यंत्रही पट्ट्यांवरच चालते. खोट दोन ठिकाणी आहे. लहर पायाच्या स्नायुमय धमन्यांतून जाते, त्यामुळे आकडा निव्वळ महाधमनीचा राहत नाही आणि मान-जांघ आकड्यापेक्षा बराच जास्त येतो. आणि अंतर टेपने मोजत नाहीत. उंचीवरून सूत्राने काढतात, मूळ सूत्र जपानी लोकांच्या मापांवर बेतलेले. निकाल सेंटिमीटरमध्ये देतात, म्हणून १,६५० वाचून लोक दचकतात. ते सेकंदाला साडेसोळा मीटर असते.

कॅव्ही हा दंड-घोट्याचाच सुधारलेला भाऊबंद. २००४ च्या सुमारास जपानमधून आला. यात छातीवर सूक्ष्म मायक्रोफोन ठेवून हृदयाचा दुसरा ध्वनी टिपतात, हृदयापासून घोट्यापर्यंतचा वेग काढतात आणि मग रक्तदाबाचा परिणाम गणिताने वजा करू पाहतात. ८ च्या खाली ठीक, ८ ते ९ सीमेवर, ९ किंवा अधिक म्हणजे ताठरपणाचा संशय. रक्तदाबाच्या गोळ्या बदलत असताना मागोवा घ्यायचा तर ही कल्पना आकर्षक आहे. मात्र पायाच्या धमन्या यातही येतातच, आणि घोटा-दंड गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर दंड-घोटा वेग आणि कॅव्ही दोन्ही विसरावे. पायाची धमनी अरुंद झालेली असली की लहर मंदावते आणि आकडा खोटा 'चांगला' दिसतो. मधुमेह्यांत हे हटकून तपासा.

एकाच पट्ट्यावरच्या यंत्रांबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. हंगेरीचे आर्टेरिओग्राफ दंडावरचा पट्टा सिस्टॉलिकच्याही, म्हणजे वरच्या रक्तदाबाच्याही, वर फुगवते आणि परावर्तित लहर, म्हणजे खालून आपटून मागे फिरलेली, किती वेळाने परतली त्यावरून अंदाज बांधते. जर्मनीच्या मोबिल-ओ-ग्राफचे चोवीस तासांचे रक्तदाबमापन उपयोगाचे आहे, पण त्यातला पीडब्ल्यूव्हीचा आकडा बहुतांशी वय आणि सिस्टॉलिक दाब यांवरून निघतो. जे आपल्याला आधीच ठाऊक आहे तेच वेगळ्या पोशाखात परत मिळते. मनगटी घड्याळे, बोटाचे सेन्सर आणि पायाखालचे हुशार वजनकाटे यांनाही हाच न्याय. गंमत म्हणून पाहा, औषध ठरवायला वापरू नका.

ऑगमेंटेशन इंडेक्स हा आकडा मनगटाच्या लहरीवरूनही मिळतो, म्हणून अहवालात हमखास छापलेला असतो. तो परावर्तित लहरीचा निर्देशांक आहे, थेट ताठरपणाचा नाही. नाडी मिनिटाला दहाने वाढली की तो सुमारे चार टक्के-बिंदूंनी उतरतो, म्हणून ७५ ठोक्यांवर आणून वाचतात. बुटक्या माणसांत आणि स्त्रियांत मुळातच जास्त असतो. छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवलेली असेल तर कोसळतो.

उरली सोनोग्राफी आणि एमआरआय. सोनोग्राफीवर मानेची धमनी ठोक्यागणिक किती फुगते ते दिसते; म्हणजे एका जागेचा ताठरपणा कळतो, संपूर्ण वाटेचा नाही. आयआयटी मद्रासच्या केंद्रात विकसित झालेले आर्टसेन्स हेच काम प्रतिमेशिवाय करते. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते: वरवरच्या धमन्या पाहण्याचा लिनियर प्रोब आणि ईसीजीची तार जोडलेली असेल, तर डॉपलरवर आर लहरीपासून मानेच्या लहरीच्या पायथ्यापर्यंतचा आणि मग जांघेच्या लहरीच्या पायथ्यापर्यंतचा वेळ मोजून मान-जांघ वेग काढता येतो. वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. फक्त पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्यामुळे हे यंत्र नोंदणीच्या जागेतून उचलून गावोगावच्या शिबिरांत सहजासहजी नेता येत नाही. एमआरआयमध्ये महाधमनीचा वळसा प्रत्यक्ष दिसतो, अंतर अचूक मिळते, पण खर्च पाहता ते संशोधकांचे काम.

तिसरी पायरी: रुग्णाची आणि खोलीची तयारी

तपासणीआधी तीन तास खाणे, चहा-कॉफी, विडी-सिगारेट बंद. दहा तास दारू बंद. हे कागदावर सोपे दिसते. डिचोलीहून सकाळच्या कदंब बसने निघालेला माणूस स्टँडवर उतरून चहा-पाव घेणारच, आणि विचारल्यावर "काही खाल्लं नाही" असेच सांगणार, कारण चहा-पाव म्हणजे खाणे नव्हे. म्हणून 'उपाशी आहात का' असे विचारू नका. 'शेवटचा चहा किती वाजता घेतला' असे विचारा. एप्रिल-मे महिन्यांत उर्राकचाही, म्हणजे काजूच्या दारूचाही, असाच थेट उल्लेख करावा. मधुमेह्यांना मात्र रात्रभर उपाशी ठेवू नका. तीन तास पुरेत, आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना शक्यतो सकाळची पहिली वेळ द्या. रक्तदाबाची गोळी चुकवायला सांगू नका. किती वाजता घेतली ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळीही तेवढ्याच अंतराने मोजा.

खोली शांत हवी आणि तापमान २२ अंशांच्या आसपास. बाहेर दमट उकाडा, आत १८ वर लावलेला एसी, आणि पावसात भिजून आलेला रुग्ण: हातापायांच्या धमन्या आवळायला एवढे पुष्कळ होते. दंड-घोटा मोजणीत ते लगेच दिसते. अंग पुसायला टॉवेल द्या, एसी बेताचा ठेवा, दहा मिनिटे उताणे पडू द्या. बोलणे नाही, मोबाइल नाही, आणि डुलकीही नाही. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन येऊ द्या.

नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, तर थांबा. प्रत्येक ठोक्याची लहर वेगळी असताना निघालेल्या सरासरीला अर्थ नसतो. मानेची धमनी अरुंद असल्याचे माहीत असेल किंवा मान दाबल्यावर चक्कर येत असेल, तर मानेवर यंत्र टेकवू नका. दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड एकाच वेळी दाबणे तर कधीच नाही.

चौथी पायरी: अंतर मोजा, इथेच सगळे घसरतात

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. वेळ यंत्र मोजते, अंतर माणूस. फोंडा-पणजी अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर एक येईल आणि बसच्या मार्गाने दुसरे, तसेच इथे. लहर मानेतून निघून जांघेत जात नाही. ती हृदयातून निघून वर मानेकडे आणि खाली जांघेकडे एकाच वेळी धावते. म्हणून मान-जांघ सरळ अंतर खऱ्या वाटेपेक्षा जास्त भरते.

एक उदाहरण घेऊ. मानेवरच्या बिंदूपासून जांघेवरच्या बिंदूपर्यंत सरळ अंतर ६२ सेंटिमीटर. दोन लहरींच्या पायथ्यांमधला वेळ ६० मिलिसेकंद. सरळ भागाकार केला तर वेग १०.३ मीटर प्रति सेकंद. २०१२ च्या तज्ज्ञ-सहमतीप्रमाणे अंतराला ०.८ ने गुणले तर ४९.६ सेंटिमीटर, आणि वेग ८.३. तिसरी रीत वजाबाकीची: गळपट्टीच्या खाचेपासून (गळ्याच्या तळाशी, छातीच्या हाडाच्या वर बोटाला लागते ती) जांघेपर्यंतच्या अंतरातून खाचेपासून मानेपर्यंतचे अंतर वजा करायचे, ते समजा ४६ सेंटिमीटर आले तर वेग ७.७. माणूस तोच, ठोका तोच, आकडे तीन. आता सुटलेल्या पोटावरून टेप फिरवला आणि ६२ ऐवजी ६६ भरले, तर ०.८ ने गुणूनही ८.८ येतो. अर्धा मीटर नुसता पोटाचा.

म्हणून टेप हवेत ताणून धरा किंवा मोठा कॅलिपर वापरा. सुताराकडून लाकडी करवून घेतलेलाही चालतो. बिंदूंवर पेनाने खूण करा. शक्यतो उजवी बाजू. आणि अहवालात लिहा: सरळ अंतर गुणिले ०.८, की वजाबाकी. हे लिहिलेले नसेल तर तो आकडा पुढच्या डॉक्टरच्या काहीच कामाचा नाही.

पाचवी पायरी: लहर पकडा

मानेवर हात हलका ठेवा. जोर दिला तर लहर चपटी होते. पडद्यावर लहरीचा पायथा स्वच्छ, ठसठशीत दिसला पाहिजे, कारण सगळी मोजणी त्या पायथ्यावर उभी आहे. लहरी एकसारख्या येईपर्यंत धीर धरा. मोजणीच्या आधी आणि नंतर दंडावर रक्तदाब घ्या. किमान दोन मोजण्या करा. त्यांच्यात सेकंदाला ०.५ मीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरी करा आणि मधला आकडा घ्या. एकामागून एक नोंद घेणाऱ्या यंत्रात दोन नोंदींच्या मध्ये नाडीचा दर बदलला असेल तर ती जोडी रद्द.

सहावी पायरी: आकडा वाचा

मान-जांघ वेगासाठी १० मीटर प्रति सेकंद ही सीमा सांगितली जाते. जुन्या कागदांवर १२ दिसेल. ती २००७ ची युरोपीय मार्गदर्शिका, सरळ अंतर धरून. ०.८ चा गुणक आल्यावर सीमा १० झाली. १२ च्या सीमेशी ०.८ लावलेला आकडा ताडून पाहणारे अहवाल अजूनही दिसतात; असा अहवाल धोका लपवतो. दंड-घोट्यासाठी मध्यमवयीनांत १८ मीटर, म्हणजे १,८०० सेंटिमीटर.

पण सीमेपेक्षा वयाचा आरसा महत्त्वाचा. युरोपातल्या ८ देशांतून जमवलेल्या संदर्भमूल्यांत धोक्याचे घटक नसलेल्या लोकांची सरासरी तिशीच्या आत ६.२, चाळिशीत ७.२, पन्नाशीत ८.३, साठीत १०.३, सत्तरीपुढे १०.९ अशी चढत जाते. म्हणजे पंचाहत्तरीच्या माणसाला १०.८ आला तर तो त्याच्या वयाला साजेसा आहे, नुसती १० ची रेघ मारून त्याला भेडसावू नये. उलट पस्तिशीतल्या तरुणाला ९ आला तर रेघेच्या आत असूनही तो त्याच्या वयाच्या वरच्या टोकाला आहे, आणि त्याच्याकडेच जास्त लक्ष द्यायला हवे. ही मूल्ये युरोपीय आहेत, हे लक्षात ठेवूनच वापरायची.

'रक्तवाहिन्यांचे वय' या ठळक ओळीवर मी फुली मारतो. तिच्यामागे कोणता संदर्भगट धरला आहे ते कागद सांगत नाही, आणि रुग्णाची झोप मात्र उडते.

सातवी पायरी: पुन्हा मोजताना

तेच यंत्र, तीच बाजू, तीच अंतराची रीत, दिवसाची तीच वेळ, शक्यतो तेच हात. शिबिरातला दंड-घोटा आकडा आणि बांबोळीला किंवा मडगावला काढलेला मान-जांघ आकडा शेजारी ठेवून 'सुधारणा झाली' म्हणू नका. गोळ्यांनी सरासरी रक्तदाब उतरला आणि वेगही उतरला, तर भिंत लवचिक झाली असे लगेच समजू नका. निम्मे श्रेय दाबाचे असू शकते. म्हणून दोन्ही वेळचा रक्तदाब आकड्याच्या शेजारीच लिहा.

नवे यंत्र घेणाऱ्या दवाखान्यांनी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: कसोटीच्या पद्धतीशी ताडून सरासरी फरक आणि प्रमाण विचलन (आकड्यांची पांगापांग) किती आले? धमन्यांवर संशोधन करणाऱ्यांच्या आर्टरी सोसायटीच्या २०१० च्या निकषांप्रमाणे फरक ०.५ पर्यंत आणि विचलन ०.८ पर्यंत असेल तर उत्तम. फरक १ च्या आत आणि विचलन १.५ पर्यंत असेल तर चालण्यासारखे. त्यापुढे नाही. 'कोरिलेशन (दोन यंत्रांचे आकडे एकत्र चढतात-उतरतात की नाही) छान आहे' हे उत्तर मिळाले तर कॅटलॉग परत करा. सतत दोन मीटर जास्त दाखवणाऱ्या यंत्राचेही कोरिलेशन छानच असते.

कोणी मोजून घ्यावे, कोणी नाही

२०१८ च्या युरोपीय रक्तदाब मार्गदर्शिकेने ही तपासणी सरसकट सर्वांना करा असे म्हटलेले नाही. फ्रान्समध्ये ५३६ रक्तदाब रुग्णांवर स्पार्ट नावाची चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचा निकाल आला: वेग मोजून त्यानुसार उपचार वाढवलेल्या गटात हृदयविकार-पक्षाघात लक्षणीय कमी झालेले दिसले नाहीत. धमन्यांचा ताठरपणा वाढायचा वेग मात्र मंदावला. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांवरूनच ज्याचा उपचार ठरलेला आहे, त्याने या तपासणीवर पैसे घालवू नयेत. उपयोग होतो तो मधल्या माणसांना: चाळीस-पन्नासचे वय, रक्तदाब सीमेवर, वडिलांना लवकर झटका आलेला, आणि गोळी सुरू करावी की थांबावे यावर डॉक्टर घोटाळलेला.

ज्यांना कुठलेच यंत्र जवळ नाही त्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरच्या यंत्रावर रक्तदाब लिहून वरच्या आकड्यातून खालचा वजा करावा. साठीपुढच्या माणसात हा फरक सातत्याने ६० किंवा त्याहून जास्त येत असेल, म्हणजे १५५ वर ८५, १५५ वर ८०, १६० वर ७५ असे आकडे दिसत असतील, तर ती वही डॉक्टरला दाखवावी. महाधमनीची झडप गळत असली किंवा थायरॉईड जास्त काम करत असले तरी हा फरक वाढतो. छातीला स्टेथोस्कोप लावून झडप ऐकणे आणि गरज वाटली तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी, हे कुठल्याही पीडब्ल्यूव्हीच्या आधी.